दाब कुणाचा?

जुना सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरून त्यात जादा हवा कोंबणारा पंप, कुणी विकायला काढला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, किती देतो? विकणाराही सात-आठ पीएसआय (दाबाचं एकक) असं काहीतरी सांगून मोकळा होतो आणि घासाघीस सुरू होते. प्रश्न सरळ वाटतो, पण तो भलत्यालाच विचारलेला असतो. रूट्स पद्धतीचा ब्लोअर, सुपरचार्जरचीच एक जुनी जात, टेबलावर बांधा, मोटर लावून हवा तेवढा पळवा; बाहेरचं तोंड उघडं असेल तर दाबाचा काटा शून्यावरच बसून राहील. तोच ब्लोअर, त्याच वेगाने, एका इंजिनावर जेमतेम तीन पीएसआय दाखवेल आणि दुसऱ्यावर हेड गॅस्केट उडवून लावेल.

माझं काम गाड्यांच्या सीटचं. डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहून मी दिवसभर फोम आणि रिक्लायनरच्या दातऱ्यांशी झटतो, इंजिनाशी माझा कामापुरताही संबंध येत नाही. तो संबंध एका मित्राने जोडून दिला. मित्र मूळचा कोल्हापूरचा, वडिलांचं उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगचं वर्कशॉप, आणि शाळेची सगळी वर्षं वडापच्या जीपमध्ये मागे लोंबकळत गेलेली. असा माणूस अमेरिकेत येऊन स्थिरावला की जीप घेणारच. याच्याकडे १९९७ची चेरोकी आहे. चार लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं तिचं इंजिन १९८७पासून २००६पर्यंत जवळपास त्याच रूपात बनत राहिलं. ताकद १९० अश्वशक्ती, पण स्वभावाने ट्रॅक्टरच. खालच्या फेऱ्यांवर ओढणार, वर गेलं की कंटाळणार. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट आवळतो ते, ८.८ला १. आजच्या मानाने हा आकडा कमी आहे, आणि आत जादा हवा कोंबायची तर कमीच बरा.

सुपरचार्जर सापडला भंगारात. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाड्यांचा पत्रा खालून पोखरत जातं आणि ठणठणीत इंजिनाच्या गाड्या चासीस सडली म्हणून भंगारात जातात. इथल्या भंगार-अंगणांत आपली हत्यारं आपण न्यायची, चिखलात आडवं पडून लागेल तो भाग स्वतः खोलायचा आणि दारावर पैसे मोजायचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जसा खोललेला माल दुकानात मांडून ठेवलेला मिळतो, तशी सोय नाही. तिथे रांगेत उभ्या असलेल्या एका पॉन्टियाक बॉनविलवर ईटन कंपनीचा एम९० होता. जनरल मोटर्सने नव्वदच्या दशकात आपल्या ३.८ लिटरच्या व्ही-६ इंजिनांवर हे ब्लोअर बसवले. ब्युइक पार्क ॲव्हेन्यू अल्ट्रा, ब्युइक रिव्हिएरा, पॉन्टियाक ग्रां प्री जीटीपी, म्हणजे निवृत्त माणसांनी रविवारी चर्चला न्यायच्या गाड्या. त्यामुळे फार पिळून निघालेला माल सहसा हाती येत नाही.

वापरलेला ब्लोअर तपासायची रीत साधी आहे. पुली हाताने फिरवायची. दोन्ही रोटर कुठेही न अडखळता फिरले पाहिजेत. पुली वरखाली हलवून नाकाच्या बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का ते बघायचं. मग टॉर्च मारून रोटरवरचा लेप पाहायचा. तो खरवडलेला असेल तर रोटर एकमेकांना किंवा केसिंगला घासलेत. या ब्लोअरचं नेहमीचं दुखणं म्हणजे पुढच्या शाफ्टमधला प्लास्टिकचा कपलर झिजतो आणि इंजिन चालू ठेवून गाडी नुसती उभी असताना डबड्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. कपलर स्वस्त आहे, बदलता येतो. शेवटी गिअरपेटीतलं तेल. हे तेल इंजिनापासून वेगळं, अगदी थोडं, आणि त्याला इतका कुजट वास असतो की मित्राच्या बायकोने ते हातमोजे गॅरेजमध्येसुद्धा ठेवू दिले नाहीत.

एम९० या नावातले ९० म्हणजे रोटरच्या एका फेरीत ढकलली जाणारी हवा, ९० घनइंच, म्हणजे सुमारे १.४७ लिटर. विकणाऱ्याला विचारायचा खरा आकडा हा. तो त्या वस्तूचा स्वतःचा आहे आणि कुठल्याही गाडीवर बसवला तरी बदलत नाही. आता चार लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास भरून घेतं, म्हणजे एका फेरीत फार तर दोन लिटर, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेरीला ब्लोअरची एकच फेरी दिली तर ब्लोअर १.४७ लिटर पाठवणार, तेही गळती वजा जाता. इंजिनाची भूक त्याहून मोठी. म्हणजे हौसेने बसवलेला सुपरचार्जर इंजिनाच्या घशात बोळा होऊन बसणार. पुली लहान करून ब्लोअर दुप्पट वेगाने फिरवला की तोच ब्लोअर फेरीला २.९४ लिटर ढकलतो. इंजिनाला तेवढं गिळता येत नाही, हवा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत, दाटते, आणि काट्यावर जे दिसतं ते हे दाटणं.

दादरच्या पुलावर सकाळी साडेनवाला जी रेटारेटी होते ती जिन्याची नसते आणि गाडीचीही नसते. दोन्हीकडच्या गाड्या एकदम लागतात, माणसं जितक्या वेगाने उतरतात तितक्या वेगाने जिना त्यांना पलीकडे सोडू शकत नाही. तिथे जिना किती दाब देतो असं कुणी विचारत नाही.

रूट्सच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे, कारण त्याच्या पोटात हवा दाबली जातच नाही. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात, पण हवा मधून जात नाही. ती रोटरच्या पाळ्या आणि केसिंगची भिंत यांच्या फटीत अडकून कडेकडेने वाहून नेली जाते, आत घेतली तशीच. पाळीने बाहेरचं तोंड उघडलं की मॅनिफोल्डमधली दाटलेली हवा उलटी आत घुसते, आणि त्या धक्क्यात नवी हवा एका झटक्यात दाबली जाते. ब्लोअरचा तो ओरडा आणि त्याची गरमी यांचं मोठं कारण हेच. ईटनने रोटरला ६० अंशांचा पीळ दिला तो हा धक्का मऊ करण्यासाठी. स्क्रू पद्धतीच्या सुपरचार्जरमध्ये मात्र हवा आतच दाबली जाते, त्याची गोष्ट वेगळी.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अमेरिकेला यायला नको. वाकड-बाणेरकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या एसटीपीत, सांडपाणी शुद्ध करायच्या त्या तळघरातल्या खोलीत, ट्विन लोब ब्लोअर घरघरत असतो. तो रूट्सच. टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडायचं त्याचं काम. टाकीत चार मीटर पाणी असेल तर त्याच्या गेजवर सुमारे ०.४ बार दिसतो, म्हणजे सहा पीएसआयच्या आत-बाहेर, कारण तेवढ्या पाण्याचं वजन सारून हवेला बाहेर पडायचं असतं. पाणी दोन मीटरवर आणा, काटा अर्ध्यावर येईल. ब्लोअरला काहीही केलेलं नसतं. कोल्हापूरकराची जीप आणि बाणेरची सोसायटी साधारण एकाच दाबावर चालतात हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘लेका, आमच्या गाडीला संडासात नेऊन घातलंस.’

खरं तर या यंत्राचा मूळ धंदाच तसला. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या भावांनी १८६०मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडी जन्मली नव्हती. भट्ट्यांना वारा घालायचा, खाणीत हवा पोचवायची, ही त्याची कामं. १८७०मध्ये आल्फ्रेड बीचने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेखाली एक छोटा बोगदा खणून हवेच्या रेट्यावर डबा चालवून दाखवला, तेव्हा डबा ढकलणारा पंखा रूट्सचाच होता. पुढे ही कल्पना मोटारींच्या इंजिनांवर गेली आणि १९२१मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या गाड्या लोकांपुढे मांडल्या. आपल्याकडे सी-क्लासच्या पाठीवर कॉम्प्रेसर असं लिहिलेलं दिसायचं, ते त्याच घराण्यातलं नाव.

पण एका इंजिनाचा ब्लोअर उचलून दुसऱ्यावर चढवायच्या उद्योगाचा मूळपुरुष शोधायचा तर तो डिझेल इंजिनांच्या अंगणात सापडतो. जनरल मोटर्सने १९३८मध्ये ७१ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं आणली. एका सिलिंडरचं आकारमान ७१ घनइंच, म्हणून तीन सिलिंडरचं ३-७१ आणि सहाचं ६-७१. या इंजिनाला हवा ओढून घेण्याचा स्ट्रोकच नाही. पिस्टन खाली गेला की सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतात, आणि बाहेरून कुणीतरी हवा ढकलून जळका धूर वरच्या व्हॉल्व्हमधून हाकलावा लागतो. ते काम करायला बाजूला रूट्स ब्लोअर. म्हणजे तिथे तो ताकद वाढवायला नव्हताच. तो नसेल तर इंजिन सुरूच होणार नाही.

महायुद्धात ही इंजिनं किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या बोटींत गेली, दोन-दोन जोडून शर्मन रणगाड्याच्या एम४ए२ प्रकारात गेली. युद्ध संपल्यावर सरकारी माल स्वस्तात बाजारात आला. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं तेव्हा सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर जुन्या फोर्ड पळवत होती. चाळीसच्या दशकाच्या शेवटी बार्नी नव्हारो याने ३-७१चा ब्लोअर फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८वर चढवला, आणि हा रस्ता दाखवल्याचं श्रेय सहसा त्यालाच दिलं जातं. मोठी इंजिनं आली तसा ६-७१ चढला. तो एका फेरीत ४११ घनइंच, म्हणजे ६.७ लिटरच्या आसपास हवा ढकलतो. घसरणाऱ्या व्ही-बेल्टच्या जागी दातांचा पट्टा आला. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांवर आज दिसतो तो ब्लोअर १४-७१ म्हणवतो. या नावाचं डिझेल इंजिन कधी बनलंच नाही. मूळ मालक केव्हाच मागे पडला, मापाची भाषा मात्र त्याचीच चालू राहिली.

मला यातलं आवडतं ते नव्हारोचं मोजमाप. त्या फ्लॅटहेड इंजिनाला त्याने सहा सिलिंडरवाला मोठा ब्लोअर न घेता तीनवाला घेतला. रणगाड्याचा ब्लोअर लावला म्हणून मिरवायला ६-७१ जास्त शोभला असता.

जीपकडे परत. ब्लोअर घरी आला तरी तो बसवायचा कशावर हा प्रश्न राहतोच. एम९०चं हवा सोडायचं तोंड खाली, आकार त्रिकोणी. बॉनविलमध्ये तो व्ही-६च्या दोन ओळींमधल्या खोबणीत पालथा बसतो. सरळ सहाच्या इंजिनाला खोबण नाही. शिवाय या जीपच्या इंजिनात हवा आत जायचा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर पडायचा मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकच गॅस्केट आणि काही बोल्टही सामायिक. म्हणजे हवा थंड राहावी म्हणून धडपडायचं आणि तिला एक्झॉस्टच्या डोक्यावर बसवायचं. मूळ ॲल्युमिनिअम मॅनिफोल्डचा वरचा भाग कापून तिथे जाड प्लेट वेल्ड करायची असं ठरलं.

व्हिडिओ कॉलवर आबांना, म्हणजे मित्राच्या वडिलांना, चित्र दाखवलं. त्यांनी फक्त एक विचारलं, ‘प्लेट किती जाड घेतलायस रं?’

‘सहा मिली.’

‘पापड हुईल. बारा घे. वेल्डिंगच्या आधी जाड लोखंडाला बोल्टानं आवळ, एका दमात शिवू नकोस, इकडं टाका तिकडं टाका असं कर. थंड झाल्याबिगर सोडू नको. आणि मग मिलिंगला लाव.’ मग माझ्याकडे वळून, ‘तू लक्ष ठेव बाबा त्याच्यावर, घाई करतंय ते.’

‘ठेवतो काका,’ मी म्हणालो.

आबांनी आयुष्यात सुपरचार्जर हाताळलेला नाही, पण वेल्डिंगने वाकलेल्या फ्लँजेस पोत्याने पाहिल्यात. प्लेट मिलिंगवर चढवली तेव्हा एवढं करूनही पहिल्या फेरीत कटर मधोमध घासला आणि कडांना लागलाच नाही. सहा मिलीची असती तर काय झालं असतं कोण जाणे.

पुलीची रांग हे दुसरं किचकट काम. या पट्ट्यावर लांबीच्या दिशेने धारी असतात, आणि एका धारीपासून दुसरीपर्यंत ३.५६ मिलिमीटर अंतर असतं. ब्लोअरची पुली बाकीच्यांच्या रांगेत नसेल, किंवा किंचित कलली असेल, तर पट्टा आधी किंचाळतो आणि मग निघून पडतो. सरळ पट्टी लावायची, शिम (पातळ चकती) घालायची, पुन्हा पट्टी लावायची. पट्टा पुलीला पुरेसा वेढा घालतो का तेही बघायचं, कारण या ब्लोअरला सहा-सात पीएसआयवर ढकलायला क्रँककडून १५ किलोवॅटच्या आसपास ताकद लागते, आणि ती सगळी त्या रबरातून जाते. थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त उघडणारी झडप, ब्लोअरच्या आधी आली, मागे बायपास व्हॉल्व्ह तसाच ठेवला. निवांत चालवताना मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्युमने तो उघडतो आणि हवा गोल फिरत राहते. पेट्रोलचा खर्च आटोक्यात राहतो तो या चिमुकल्या झडपेमुळे. फालतू समजून ती फेकून देणारे लोक मी बघितलेत.

यानंतरचा भाग हत्यारांचा नाही. जीपचा मूळ संगणक आत किती हवा गेली ते मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ठरवतो, आणि त्याचा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलेला. त्यावर गेलं की तो आंधळा. ब्लोअर दीडपट हवा ढकलत असतो आणि संगणक एकपटीचंच पेट्रोल सोडत राहतो. पेट्रोल कमी, हवा गरम, दाब जास्त, हे तीन एकत्र आले की मिश्रण ज्योत पोचायची वाट न बघता आपणच पेटतं आणि पिस्टनच्या कडा झडतात. म्हणून दोन बारच्या वर वाचणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि हौशी लोक स्वतः जोडतात तसला एक कंट्रोलर बसवला. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून १२च्या खाली आणलं, आणि ठिणगी प्रत्येक पीएसआयला साधारण एक अंश उशिरा. गरमीचं मात्र काही करता आलं नाही. दाब दीडपट झाला की या जातीच्या ब्लोअरमधून हवा साठेक अंशांनी तापून निघते, आणि मधे इंटरकूलरला, म्हणजे हवा थंड करायच्या जाळीला, जागा नाही.

भारतात हा उद्योग करता आला नसता हे त्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि त्यावरचा २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता निर्मात्याने दिलेलं रूप बदलायला वाव फार थोडा. कॅलिफोर्नियात सुपरचार्जरच्या किटला सरकारी मान्यतेचा क्रमांक लागतो. मिशिगनमध्ये वार्षिक धूर-तपासणी नाही, पण प्रदूषण रोखणारे भाग काढायला केंद्राच्या कायद्याची बंदी आहेच; म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरे सगळं जागच्या जागी आहे. मला हे बरं वाटलं. हौस आपली, धूर शेजाऱ्याच्या नाकात, हे मला पटत नाही.

गाडी सुरू झाली, चालली, काटा सात पीएसआयला टेकला. मित्र आठवडाभर सगळ्यांना सात सांगत हिंडला. मग या इंजिनांचं नेहमीचं दुखणं उपटलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला. जुना काढून जरा मोकळ्या नळ्यांचा नवा बसवला. पुली तीच, पट्टा तोच, ब्लोअर तोच. आणि काटा सहावर आला.

त्याचा चेहरा पडला. ब्लोअर गळतोय, पट्टा घसरतोय, गॅस्केट गेलं, सगळं तपासून झालं. गाडी मात्र चढावर आधीपेक्षा जोरात ओढत होती, हे मला शेजारच्या सीटवर बसून जाणवत होतं. धूर सुटायची वाट मोकळी झाली, सिलिंडर रिकामे होऊ लागले, नवी हवा जास्त सामावू लागली. म्हणून दाटी कमी झाली. इंटरकूलर बसवला तरी असंच होतं, हवा थंड होऊन आकसते, काटा उतरतो, आणि इंजिनाला मिळणारा प्राणवायू वाढतो. हेड पोर्टिंग केलं, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा मोकळ्या केल्या, तरी तेच. काटा सांगतो ते इंजिनाला जे गिळता आलं नाही त्याबद्दल, आणि लोक तो आकडा अभिमानाने सांगतात.

हे सगळं मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. आबांनाही फोनवर ऐकवलं. आबा म्हणाले, ‘गाडी पळती न्हवं? मग त्या काट्यावर टेप लाव.’

मित्राने फोन ठेवला आणि ३.८ इंची पुलीच्या जागी ३.४ इंचीची ऑर्डर दिली. म्हणजे रोटर १२ टक्के जास्त फिरणार, पाच हजार फेऱ्यांवर ब्लोअर अकरा हजारांच्या वर जाणार, आणि काटा पुन्हा सातच्या पुढे. हवा किती तापेल त्याचा हिशेब मी त्याला पाठवला आहे, सोबत ९३ ऑक्टेनखाली काही भरू नकोस अशी ताकीद. निळ्या खुणा उमटल्या आहेत, उत्तर आलेलं नाही. पुली शुक्रवारी येणार आहे.